रिकामं पारडं आणि अडकलेली गाडी

सुट्ट्या लागल्या की एक बातमी ठरलेली असते. हौसेने किनाऱ्यावर उतरवलेली एसयूव्ही वाळूत रुतते, भरती चढायला लागते आणि शेवटी गावातला ट्रॅक्टर येऊन तिला ओढून काढतो. त्यावर लोकांचं म्हणणंही ठरलेलं: "एवढी ताकदवान गाडी, आणि साध्या वाळूतून निघेना?"

माझा भाचा हेच विचारत होता, फक्त गाडी वेगळी होती. आमची गाडी हातभर लांबीची, अडीच किलोची, रिमोटवर चालणारी. रॉक क्रॉलर म्हणतात हिला. ही पळवायची नसते, दगडांवरून चढवायची असते. गिरगावात शेजारची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, तिचा डेब्रिजचा ढीग दोन महिने तसाच पडून होता. पायाचे काळे दगड, विटांचे तुकडे, मधूनच एखादी वाकडी सळई. काळा दगड म्हणजे आपला बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. क्रॉलरला याहून चांगलं मैदान दक्षिण मुंबईत मिळणार नाही. त्या ढिगावर आमची गाडी तिसऱ्याच दगडाला अडकली. भाचा म्हणाला, "मामा, मोठी मोटर टाक ना."

मोठी मोटर टाकायची नव्हती, आणि का नव्हती ते हिशेबानेच कळतं. ४५ अंशांच्या चढावर अडीच किलोची गाडी साधारण १७ न्यूटन बलाने खाली ओढली जाते, म्हणजे पावणेदोन किलो वजनाचा जोर. गाडीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, आणि हा गुणाकार सात वॅटसुद्धा भरत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात जळणारा एलईडी बल्ब बहुधा नऊ वॅटचा असेल. गिअरमध्ये आणि मोटरच्या उष्णतेत निम्म्याहून जास्त वाया गेलं असं धरलं, तरी पंधरा-वीस वॅटमध्ये गाडी जिना चढल्यासारखा चढ चढते.

हवा असतो तो जोर, आणि तो गिअरमधून मिळतो. लॅमिंग्टन रोडला 'जॉन्सन मोटर', म्हणजे गिअरबॉक्स जोडलेली छोटी मोटर, मागितली की दुकानदार आधी आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, विचारतो. मी २०० घेतली. तिच्या आतली मूळ मोटर मिनिटाला १८,००० फेरे मारते. पाठीवरची गिअरबॉक्स त्याचे २०० करते आणि ॲक्सलमधली, म्हणजे चाकांच्या दांड्यातली, क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी ते तिसऱ्या हिश्श्यावर आणते. चाकापर्यंत उरतात ६६-६७ फेरे. वेग २७० पटींनी घटला की जोर, घर्षणातलं नुकसान वजा जाता, तितक्या पटींनी वाढतो. वेग विकायचा आणि जोर विकत घ्यायचा, मधली दलाली घर्षणाला. बाकी सामान म्हणाल तर ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट, बेअरिंग आणि तीन एमएमचे ॲलन बोल्ट नागदेवी स्ट्रीटचे, लिथियमचे तीन सेल आणि चाकं वळवायला एक मेटल गिअरचा सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर. चोर बाजारात एका मोडक्या रिमोट ट्रकचे दोन ॲक्सल मिळाले ते नशीब. तयार क्रॉलरला पाच आकडी रक्कम जाते, आमचं काम त्याच्या बऱ्याच खाली झालं. त्यातलेही निम्मे पैसे रिमोट आणि रिसीव्हरने खाल्ले. तिथे काटकसर करू नका, बाकी सगळीकडे करा.

मग एवढा जोर असून गाडी अडली का? ढिगावर ओणवा होऊन पाहिलं. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं हवेत. ही दोन्ही सुसाट फिरत होती. जी दोन चाकं दगडाला घट्ट टेकली होती ती ढिम्म. वाळूतल्या एसयूव्हीचंही थोड्याफार फरकाने हेच होतं, आणि दोन्हीकडे गुन्हेगार एकच: डिफरन्शियल.

हे यंत्र मला फार आवडतं, तेव्हा इथे थोडा वेळ थांबू.

आधी त्याची गरज. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक मोठ्या वर्तुळावरून जातं, आतलं लहान. किती फरक पडतो? यू-टर्न म्हणजे अर्धवर्तुळ. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पाय (π) गुणिले दोन चाकांमधलं अंतर एवढं जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण लहान घ्या की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेल्या मोटारीत तो ४.७ मीटर, माझ्या वीस सेंटिमीटरच्या क्रॉलरमध्ये ६३ सेंटिमीटर. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एवढा फरक टायर घासूनच भरून काढावा लागेल. यावरचा उपाय ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने काढला आणि १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. दात्यांना दाते भिडवण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाच हे सुचावं.

आत असतं काय? इंजिनकडून येणारा जोर क्राउन नावाच्या मोठ्या चक्राला फिरवतो. क्राउन चाकांना थेट फिरवत नाही. त्याला एक छोटं चक्र आडवं अडकवलेलं असतं, त्याला स्पायडर म्हणतात. स्पायडरच्या एका बाजूला डाव्या चाकाचं गिअर, दुसऱ्या बाजूला उजव्याचं. आता वाण्याचा जुना तराजू डोळ्यांसमोर आणा. स्पायडर म्हणजे तराजूची दांडी, मधल्या खिळ्याला धरून पुढे ढकलली जाणारी. तिच्या दोन टोकांना दोन पारडी, म्हणजे दोन चाकं. दांडी मधोमध धरलेली असल्याने दोन्ही टोकांवर सारखाच दाब पडतो. एका बाजूला जास्त आणि दुसरीला कमी देणं तिला जमतच नाही.

रस्त्यावर हा न्याय उत्तम. पण एक पारडं रिकामं झालं तर? हवेतल्या चाकाला विरोध नाही, म्हणून त्याच्यावर जोर जवळजवळ शून्य. तराजूचा नियम असा की मग दुसऱ्या बाजूलाही तेवढाच, जवळजवळ शून्य. दगडाला टेकलेलं चाक तयार उभं आहे, पण त्याच्या वाट्याला काही येतच नाही. 'डिफरन्शियल सगळी ताकद हवेतल्या चाकाला देतं' असं लोक म्हणतात ते चूक आहे. ते ताकद कुणालाच देत नाही. आणि म्हणूनच मोठी मोटर बसवून काही होत नाही. शून्याची बरोबरी शून्याशी, मग मागे सात वॅट असोत की सातशे.

जोर सारखा वाटला जातो, फेऱ्यांचं मात्र तसं नाही. डाव्याचे फेरे अधिक उजव्याचे फेरे, यांची बेरीज नेहमी क्राउनच्या फेऱ्यांच्या दुप्पट. क्राउन ६६ वर फिरत असेल आणि उजवं चाक थांबलं, तर डावं १३२ वर फिरणार. मोटर बंद असेल तर बेरीज शून्य, म्हणजे एक चाक हाताने पुढे फिरवलं की दुसरं आपोआप मागे फिरतं. हे कुठल्याही रिमोटच्या गाडीत बघता येतं. म्हणजे डिफरन्शियल हे सरासरी काढणारं यंत्र आहे. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी या नासाच्या गाडीमध्ये सहा चाकांना सहा वेगळ्या मोटरी आहेत, तिथे जोर वाटायला ते लागत नाही. पण तिच्या पाठीवरून एक आडवी दांडी जाते, डाव्या आणि उजव्या बाजूच्या चाकांच्या सांगाड्यांना जोडणारी. एक बाजू दगडावर चढली तर धड त्याच्या निम्मंच कलतं. तिथेही सरासरीच, पण कलण्याची. तिचा कमाल वेग सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर. भाच्याला मोठी मोटर हवी होती, त्याला मी हा आकडा ऐकवला.

तराजू एकदा कळला की त्याच्यावरचे उपायही कळतात. रिकाम्या पारड्यात वजन टाकायचं. रुतलेल्या गाडीत हँडब्रेक थोडा ओढायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती हीच: मागच्या फिरत्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळाला की अडलेल्या चाकालाही तेवढा जोर मिळतो. आजच्या गाड्यांत कॉम्प्युटर हेच करतो, भरकटलेल्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावतो. दुसरा उपाय आडदांड. दांडीच जॅम करून टाकायची.

आम्ही जॅम केली. आधी ग्लू गनने गोंद भरला, तो पहिल्याच दगडावर उखडला, कारण आत ग्रीस तसंच होतं. मग स्पायडर आणि बाजूची गिअर रॉकेलमध्ये बुडवून टूथब्रशने घासली, एम-सीलच्या दोन कांड्या मळून एक राखाडी गोळा केला आणि दातांच्या फटींत अंगठ्याने दाबून बसवला. रात्रभर सुकू दिला. सकाळी एक चाक फिरवलं, दुसरं त्याच्याच दिशेने फिरलं. आता हवेतलं चाक पळू शकत नाही, आणि सगळा जोर जिथे विरोध आहे तिथे जातो.

गाडी पूर्ण झाली म्हणून आईने चार लिंबं आणली. नव्या गाडीच्या चाकांखाली ठेवतात, आणि नातवाची गाडी नवीच की. मी म्हटलं, आई, लिंबाच्या रसाने टायर घसरतील. घर्षणाला दृष्ट लागत नाही, त्याला ओल लागते. ती म्हणाली, "तू चालव तर." साडेपाच सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकासमोर लिंबू म्हणजे चांगलाच धोंडा. गाडी चारही लिंबांवर न चिरडता चढून उतरली. मग मी टायर पुसले.

घर्षणाबद्दल थोडक्यात. फळीवर गाडी ठेवा, एक टोक हळूहळू उचला आणि ती घसरू लागते तो कोन फोनमधल्या लेव्हलवर बघा. त्या कोनाचं टॅन म्हणजे घर्षणांक. जुन्या ट्रकची कडक चाकं तिशीच्या आसपास घसरायची, म्हणजे ०.५८. मऊ रबराचे, आत स्पंज भरलेले टायर पंचेचाळीसला टिकतात, म्हणजे एक. मऊ रबर दगडाच्या खाचांमध्ये शिरतं आणि तिथे धरून राहतं. शाळेत शिकलो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम नीट पाळत नाही, आणि क्रॉलरवाले त्याच्या याच बेशिस्तीवर जगतात.

गाडी मागे उलटायची तेव्हा सेलचा पॅक मधून काढून पुढच्या ॲक्सलच्या वर, शक्य तितका खाली बांधला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३१ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य मधोमध आणि दहा सेंटिमीटर उंच असताना ती ५७ अंशांवर उलटू शकत होती. साठ टक्के वजन पुढे गेलं आणि मध्य आठवर आला, तेव्हा हा कोन ६६ अंशांच्या पुढे सरकला. एकही रुपया न लागता. टायरच्या दुकानातून बॅलन्सिंगची चिकट वजनं आणून पुढच्या रिमच्या आत लावली, त्यानेही भर पडली.

ढिगावर परत गेलो तेव्हा तो तिसरा दगड तिथेच होता. पुढचं डावं चाक पुन्हा हवेत उचललं गेलं, पण या वेळी ते जोडीदाराच्याच चालीने संथ फिरत राहिलं. खालच्या उजव्या चाकाने दगडाची कड पकडली, गाडी एकदा कचकन हलली आणि वर गेली. वॉचमनने विचारलं, "किती पळते?" मी सांगितलं, "पळत नाही." त्याचा उत्साह तिथेच संपला.

एक हिशेब मात्र राहिला होता. यू-टर्नमागे ६३ सेंटिमीटर. दगडगोट्यांवर तो कुणी मागत नाही, टायर जरा सरकतो आणि भागतं. पण पावसात भाच्याने गाडी घरातच चालवली, हॉलमध्ये, सोफ्याभोवती गोल गोल. दुपारी आई ओलं फडकं घेऊन पांढऱ्या टाइल्सवर बसली होती, आणि लिंबं कुठे ठेवली ते मला विचारत होती, कारण काळे वळ साध्या पाण्याने निघत नव्हते.