थाप एकच, बाकी सगळं खरं
(चित्रांतून अद्भुत गोष्ट सांगायला शिकवणाऱ्या आमच्या रविवारच्या वर्गाचं माहितीपत्रक)

चौकशीला येणारे लोक जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच सांगून टाकतात, "चित्रकलेची एलिमेंट्री परीक्षा दिली होती, सी ग्रेड. इंटरमिजिएटला बसलोच नाही." चेहरा असा, की जुनं दुखणं डॉक्टरच्या कानावर घालताहेत. आम्ही एवढंच विचारतो, स्मरणचित्राला काय काढलं होतं? मग कुणाचा बाजार निघतो, कुणाचा बसस्टॉप, कुणाची नळावरची रांग. पुढे तीन माणसं, मागे झाड, कोपऱ्यात कुत्रा. म्हणजे गोष्ट सांगणारं चित्र तुम्ही शाळेतच काढून ठेवलेलं आहे. फक्त त्या कुत्र्याला तेव्हा बोलायची परवानगी नव्हती. आमच्याकडे आहे.

वर्ग आम्ही दोघं चालवतो. एकानं वीसेक वर्षं दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं काढली, दुसरीनं तेवढीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पुण्यातल्या एका जुन्या वाड्याची माडी आहे, तिथे आठ बैठी मेजं मावतात, म्हणून एका तुकडीत आठच जण. दहा रविवार, सकाळी नऊ ते बारा. वयाची अट पंधरा वर्षं पूर्ण एवढीच. लहान मुलांना आम्ही घेत नाही, कारण आम्ही जे शिकवतो ते त्यांना आधीच येत असतं.

आमची पहिल्या वर्षीची चूक

पहिल्या तुकडीला आम्ही मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मनात येईल ते काढा, कल्पनेला मोकळं सोडा." आठ कागदांवर मिळून चार किल्ले, तीन ड्रॅगन आणि शिंगवाला एक घोडा आला. सगळे जांभळ्या आकाशाखाली, सगळीकडे चांदण्या. चित्रं वाईट नव्हती, पण कुणाचं कुठलं ते ओळखू येईना. मोकळं सोडलं की कल्पना लांब जात नाही, मोबाइलमध्ये शेवटचं जे पाहिलं त्यापाशी जाऊन बसते.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून नियम केला: चित्रात थाप मारायची ती एकच, बाकी सगळं खरं.

हा नियम आमच्या पदरचा नाही, आजीचा आहे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पक्षी घरं बांधतात आणि बोलतात ही थाप एकदा पचवली की पुढे सगळं चोख. पाऊस आला, शेण वाहून गेलं, मेण राहिलं. काऊ दार वाजवतो तेव्हा चिऊ म्हणते, थांब, बाळाला अंघोळ घालते, तीट लावते. पावसात भिजणाऱ्या शेजाऱ्याला टोलवायची ही घरगुती कारणं इतकी ओळखीची आहेत, की चिमणीला दार कुठून आलं हे विचारायचं आपण विसरतो. तिनं जादूची कांडी फिरवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती.

बगळा कंडक्टर

बोलण्यापेक्षा दाखवतो. वर्गात दर वेळी आम्ही हेच उदाहरण फळ्यावर घेतो.

थाप: कोकणातल्या एका एस.टी.चा कंडक्टर बगळा आहे.

आता पुढचं सगळं खरं हवं. खाकी शर्ट, तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच, घंटीची दोरी, खिडकीवर "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" ही अक्षरं, शिटांचं उसवलेलं रेक्झिन. एवढं काढलंत तरी चित्र अजून विनोदी पोशाखातला पक्षी एवढंच राहतं. गोष्ट सुरू होते ती थापेचे परिणाम शोधायला लागलं की. बगळ्याला खांदे नाहीत, मग चामडी पिशवीचा पट्टा टिकेल कसा? घसरणारच, म्हणून गाठ मारून आखूड केलेला. हात नाहीत, मग तिकिटाला भोक? चोचीनं. मग कमरेचा पंच नुसताच लोंबकळतोय, सरकारी नियम म्हणून. उतारूंचं काय? कुणी चकित झालेलं नाही, रोजचीच गाडी आहे. एक जण डुलक्या घेतोय, एक जण सुटे पैसे मोजतोय. फक्त तिसऱ्या बाकावरच्या मासेवालीनं आपली पाटी पदरानं झाकून घेतली आहे.

झालं. तो पदर आला आणि चित्रात गोष्ट आली. कंडक्टर पाहिजे तेवढा गंभीर असू दे, आदल्या आठवड्यात काय घडलं असेल ते बघणारा स्वतःच ठरवतो. चित्रकारानं सगळं सांगायचं नसतं, पाटी झाकून ठेवायची.

यासाठी बगळा नीट पाहावा लागतो. दुसऱ्या रविवारी आम्ही सगळ्यांना भल्या सकाळी मुठेच्या पात्राकडे नेतो, हातात वही आणि पेन्सिल. बगळ्याचा गुडघा उलटा वाकतो असं सगळे म्हणतात. तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे कळलं की शिटावर बसलेला बगळा कसा दिसेल ते आपोआप सुचतं. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे, म्हणजे गणवेशाबरोबर मोजे आयते. गायबगळ्याची चोच पिवळी. कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवा. "साधारण बगळा" नावाचा पक्षी नसतो.

काडेपेटीएवढी चित्रं

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी आम्ही काडेपेटीच्या आकाराच्या बारा चौकटी काढून घेतो. प्रत्येकीत तीच गोष्ट, क्षण वेगळा. बगळा गाडीत चढतो आहे. पहिलं तिकीट फाडतो आहे. मासेवालीकडे बघतो आहे. पाटीतला मासा त्याच्या चोचीत आहे. पहिल्यांदा येणारे नव्वद टक्के वेळा शेवटची चौकट निवडतात, कारण तिथे "काहीतरी घडतंय". आमचं मत उलट आहे. मासा चोचीत गेला की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. त्याच्या अर्धा मिनिट आधी थांबा.

या इवल्या चौकटींत नाकडोळे काढता येत नाहीत, हाच फायदा. काळं, पांढरं आणि मधलं करडं एवढ्यावर भागवावं लागतं. मग वही हातभर लांब धरायची, डोळे किलकिले करायचे आणि नजर आधी कुठे जाते ते बघायचं. बगळ्याच्या चोचीची तिरकी रेघ नेमकी पाटीकडे जाते का? मागची खिडकी पाटीपेक्षा जास्त उजळ असेल तर नजर खिडकीतून बाहेर उडी मारते, आणि गाडी रिकामी पडते.

रंगांविषयी, थोडक्यात

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. म्हणजे बगळा पांढरा हवा तर तो सुरुवातीलाच ठरलेला हवा. त्याच्याभोवती गाडी रंगवायची, तो कोराच राहतो. पंखाखालची सावली म्हणून अगदी पातळ निळसर हात पुरतो. गाडीच्या आतला मळकट करडा काळ्या ट्यूबमधून काढू नका. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा, निळा जास्त झाला तर पावसाळी अंधार मिळतो, तांबूस जास्त झाला तर जुन्या लाकडाचा. आणि अख्ख्या चित्रात भडक रंग एकाच ठिकाणी: पाटीवरचा पदर.

रात्रीची दृश्यं लोकांना फार आवडतात. कंदील, काजवे, झाडाच्या ढोलीतला दिवा. उजेड पिवळ्यानं दाखवता येतो असं वाटतं, पण तो आजूबाजूच्या अंधारानं दिसतो. आधी सगळीकडे फिकट पिवळा ओला हात, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग दिव्यापासून लांब जाताना थरावर थर गडद करत न्यायचे. काजव्यांसाठी साध्या मेणबत्तीच्या टोकानं कागदावर ठिपके द्या. मेणावर रंग बसत नाही.

प्राणी जोडायचे कसे

नवा प्राणी हवा असेल तर मुरुडच्या जंजिऱ्याला जा. दरवाज्याजवळ दगडात शरभ, म्हणजे सिंहासारखा एक काल्पनिक प्राणी, कोरलेला आहे, पंजांत आणि शेपटीत हत्ती धरून उभा. आमच्या बऱ्याच किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ आहेत, पण हा आमचा लाडका, कारण हत्ती मांजराच्या पिल्लाएवढे आहेत आणि त्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. आकारात एकदाच आणि ठामपणे खोटं बोललं की ते पटतं. हत्ती थोडेसेच लहान असते तर शिल्पकाराचं माप चुकलं असं वाटलं असतं.

जोडताना सांधा खऱ्या ठिकाणी हवा. पंख हा पक्ष्याचा हातच आहे. त्यामुळे माणसाला पंख लावायचे तर ते पाठीच्या मधोमध न चिकटवता खांद्याच्या पात्यावर आणा, आणि ते हलवायला लागणारी छाती द्या. अशा चित्रातला माणूस उडेल असं वाटतं. नाहीतर स्नेहसंमेलनातली परी दिसते.

एका चित्रात दोन वेळा तोच माणूस

पाचव्या रविवारी प्रश्न येतोच: गोष्ट लांब आहे, एका चित्रात मावणार कशी? उत्तर अजिंठ्याला पाचव्या शतकातच देऊन ठेवलं आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवलेली आहे. त्याचं गलबत फुटतं, तो आणि त्याचे सोबती एका बेटावर पोचतात, तिथल्या सुंदर बायका प्रत्यक्षात राक्षसी निघतात, आणि एक पांढरा उडता घोडा त्याला सोडवून नेतो. भिंतीवर कॉमिकसारख्या चौकटी नाहीत. सिंहल पुन्हा पुन्हा दिसतो, आणि एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे कधी दार सांगतं, कधी मंडप, कधी झाड. डोळा भिंतीवरून चालत जातो तसा काळ पुढे सरकतो.

हीच युक्ती आम्ही जिना घेऊन करतो. वाड्याचा जिना, तळाशी मुलगी चप्पल काढते आहे, मधल्या वळणावर तीच मुलगी थोडी पारदर्शक झालेली, वर माडीवर फक्त तिचं दप्तर. फ्रॉकचा रंग तिन्ही ठिकाणी तोच ठेवायचा, नाहीतर तीन मुली मोजल्या जातात.

चित्रकथी आणि तुमची पोथी

वर्गाचा शेवट आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीकडून उसना घेतला आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगत आला. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, त्यांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र समोर उभं करतो आणि वीणा, टाळ आणि हुडूक (हातातलं छोटं तालवाद्य) यांच्या साथीनं कथा गातो. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना लोककलेच्या या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची जुनी चित्रं पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहातही आहेत.

या चित्रांत डोळे मोठाले, चेहरे बहुतेक एका बाजूनं, मागे फारसं काही नाही. बारकावे थोडे, कारण उरलेलं काम सांगणाऱ्याच्या गळ्याचं. आपल्या विद्यार्थ्यांना याचा धीर येतो. सगळं कागदावर कोंबायची गरज नसते.

तर दहाव्या रविवारी तुम्ही पाच चित्रांची आपली पोथी घेऊन उभे राहता आणि गोष्ट तोंडानं सांगता. घरच्यांना बोलवा. गाणं सक्तीचं नाही. गेल्या तुकडीतल्या एका काकांनी गायलं, आणि तेव्हापासून सक्तीचं नाही हे आम्ही छापायला लागलो.

सामान, फी आणि नेहमीचे प्रश्न

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आम्ही देतो. पातळ कागदाला पाणी लागलं की पापडासारखा फुगतो आणि बगळ्याच्या मानेत खळगा येतो. हातकागद सुंदर दिसतो, पण खळ दिलेला नसेल तर टीपकागदासारखा रंग पितो, म्हणून सुरुवातीला नकोच. गोल ब्रश दोनच: एक सहा नंबरचा, एक दहा नंबरचा. जलरंग विद्यार्थी दर्जाचे चालतात. ज्यांचा हात धीट नाही त्यांनी पोस्टर कलर घ्यावेत, ते अपारदर्शक असल्यानं चूक झाकता येते. महागडे रंग घेऊन येणाऱ्यांचा हात आखडतो, असा आमचा अनुभव.

फी दहा रविवारांची मिळून ७,५०० रुपये, कागद धरून. दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. दोन रविवार चुकले तर पुढच्या तुकडीत भरून देतो, त्याहून जास्त चुकले तर आपणच विचार करावा. प्रमाणपत्र देत नाही.

"एआयला गोष्ट सांगितली की चित्र येतंच, मग शिकायचं कशाला?" हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो. चित्रच हवं असेल तर खरंच शिकू नका. पण बगळ्याचा पट्टा घसरतो हे आम्हाला बगळा काढता काढता, पट्टा तिसऱ्यांदा खोडताना कळलं होतं.

पावसाळी तुकडीत रंग वाळता वाळत नाहीत. माडीवर केस वाळवायचे दोन ड्रायर ठेवले आहेत, तरी तुमचा असेल तर आणा.

पहिल्या दिवशी बाकी काही आणू नका. फक्त घरातली एक जुनी वस्तू आणा, जिचं काम आता कुणी करत नाही. सोऱ्या, कुलूप, दिव्याची काच, रेडिओचं बटण, काहीही. पहिली थाप तिच्यापासून सुरू होते. अडकित्ते आतापर्यंत अकरा आले आहेत, आणि त्यातल्या नऊ जणांनी त्याची मगर केली. अडकित्ता सोडून काही सापडलं तर बरं.