नखाचं बळ कडेला असतं

लग्नात काढलेली मेंदी तळहातावरून आठ-पंधरा दिवसांत उडून जाते. नखांवरची मात्र जात नाही. जुलैच्या सुमारास ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये वरच्या कड्यांना धरलेले हात नीट पाहा. मे महिन्यात रंगलेला एखादा हात आता पूर्ण कोरा झालेला असतो, पण नखांच्या पुढच्या अर्ध्या भागात केशरी-तांबूस रंग तसाच असतो. मागच्या अर्ध्यात स्वच्छ, नवं नख आलेलं असतं आणि दोन्हींच्या मधे नखाच्या बुडासारखीच वळणदार रेघ. त्वचा आपले मेलेले थर रोज झाडून टाकते. नख काही झाडत नाही, ते नुसतं पुढे सरकतं. त्या रेघेपासून बुडाच्या कातडीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि त्याला ३ मिलिमीटरने भागा. लग्नाला किती महिने झाले ते कळेल.

दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर, महिन्याला ३ मिलिमीटर, हा हाताच्या नखांचा वेग. मधलं बोट सगळ्यांत पुढे, अंगठा आणि करंगळी मागे. पायाची नखं जेमतेम निम्म्या वेगाने वाढतात. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या डाव्या अंगठ्याचं नख तब्बल ३५ वर्षं मोजलं. वयाच्या ३२ व्या वर्षी ते रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५. हा हिशेब हौसेच्या कामालाही येतो. दिवाळीत बदामी आकाराची नखं हवी असतील आणि दसऱ्याला जाग आली, तर मधल्या वीस दिवसांत फक्त २ मिलिमीटर मिळतील, आणि त्यात बदाम बसत नाही. गणपतीपासून कात्री आवरली तर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास मिळतात, तेवढ्यात जमतं.

नख तयार होतं ते दिसत नाही अशा जागी. बुडाशी जी कातडीची घडी असते तिच्याखाली नखाचं मूळ असतं. तिथे पेशी जन्मतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, मरतात आणि एकमेकींना चिकटून पुढे ढकलल्या जातात. अंगठ्यावर ठळक दिसणारी पांढुरकी चंद्रकोर म्हणजे या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग. मुळाचा मागचा भाग नखाचा वरचा पृष्ठभाग घडवतो, पुढचा भाग खालचा. म्हणून दरवाज्यात बोट चेमटलं की त्याची खूण नखावर काही आठवड्यांनी उमटते, आणि तोवर आपण दरवाजा विसरलेलो असतो. नखावरचे पांढरे ठिपकेही बहुतेक वेळा असल्याच बारीकसारीक धक्क्यांचे असतात. त्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही. नखात कॅल्शियम नगण्यच असतं, नखाचा कडकपणा केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो.

चंद्रकोरीच्या पुढे नख ज्या मऊ गादीवर चिकटून सरकतं तिच्यातल्या रक्तवाहिन्यांमुळे ते गुलाबी दिसतं. गादी संपली की नख सुटतं आणि पांढरं दिसू लागतं. या सीमेवर, नखाच्या खालच्या अंगाला, कातडीची एक चिवट किनार असते. ती पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही. मराठीत या जागेला पूर्वापार शब्द आहे, जिव्हाळी. नख जिव्हाळीपर्यंत कापलं की दोन दिवस भाजीत मीठ टाकतानाही बोट झोंबतं. कणीक किंवा मोदकाची उकड नखात अडकली म्हणून टोकदार पिनेने कोरणाऱ्यांची जिव्हाळी हळूहळू मागे हटते. पांढरा भाग मोठा दिसायला लागतो आणि त्यांना वाटतं नख वाढलं. वाढलेलं नसतं, उचकटलेलं असतं. मऊ ब्रश आणि साबण पुरे.

आता मुद्द्याची गोष्ट. नखाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात तीन थर. मधला थर सगळ्यांत जाड, आणि त्यातले केराटिनचे तंतू बोटाच्या लांबीने धावत नाहीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे धावतात. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली नखं कापून पाहिली तेव्हा आडव्या कापापेक्षा उभ्या कापाला सुमारे दुप्पट ऊर्जा लागली. ही निसर्गाची फार शहाणी सोय आहे. टोकाला पडलेली चीर सरळ मागे जिव्हाळीत घुसत नाही, आडवी वळते आणि तुकडा गळून पडतो. पण याच सोयीची दुसरी बाजू ब्युटी पार्लरमधल्या आकारांच्या तक्त्यावर लिहिलेली नसते. कडेला बारीकशी खाच पडली, तर तिथून आडवा रस्ता मोकळाच असतो. चीर नखभर धावते, आणि तीही नेमकी मांसाला चिकटलेल्या जागी.

त्यात भर नखाच्या बाकाची. नख सपाट नसतं, पन्हळीसारखं वळलेलं असतं. सपाट पत्रा हाताने वाकतो, पन्हळी पत्रा वाकत नाही, तेच इथे. दोन्ही बाजूंच्या खाली वळलेल्या कडा नखाला ताठ ठेवतात. नख बोटाच्या बाजूच्या कातडीतून बाहेर पडतं, ती डावी-उजवी ठिकाणं सर्वांत जास्त ताण सोसतात. टोकावर पडलेला दाब तिथे तरफेसारखा पोचतो. मोकळं नख दुप्पट लांब झालं की तितक्याच दाबाला तिथला ताण दुप्पट होतो. कानस (नेल फाइल) कुठे चालवायची आणि कुठे अजिबात नाही, हे एवढ्यावरून ठरतं. या दोन ताणबिंदूंच्या पुढे हवा तो आकार द्या. ताणबिंदूवर आणि त्याच्या मागे हात लावू नका.

गोल आकार सगळ्यांत सोपा. बोटाच्या टोकाची गोलाई नखाला द्यायची, १-२ मिलिमीटर मोकळं नख पुरतं, अडकत नाही. स्वयंपाक, शिवण, कीबोर्ड, मासळी साफ करणं, कशालाही चालतो. चौकोनी आकारात कडा सरळ आणि टोक सपाट असतं. कडा पूर्ण राहतात म्हणून हा ताकदीला उत्तम. पण त्याचे कोपरे ओढणीत, लोकरीत, सीटच्या फाटलेल्या रेक्झिनमध्ये अडकतात. रुंद नखावर तो आणखी रुंद दिसतो ते वेगळंच. म्हणून चौकोनाचे कोपरे जेमतेम १ मिलिमीटर गोल केलेला ‘स्क्वोव्हल’. नाव विचित्र आहे, पण रोज लोकलने ये-जा करणाऱ्या हाताला आमच्या मते याच्याइतका शहाणा आकार दुसरा नाही.

अंडाकृती आकारात कडा ताणबिंदूपुढे थोड्या सरळ जातात आणि मग वळतात. बदामीमध्ये त्या लगेच आत झुकू लागतात आणि टोक निमुळतं पण बोथट राहतं. आखूड, रुंद बोटं बदामीने लांब दिसतात म्हणून त्याला मागणी फार, आणि बिघडतोही तोच. बोटाच्या टोकापुढे ४-५ मिलिमीटर नख नसताना बदाम काढायचा म्हटलं की निमुळतेपणा आणायला जागा उरत नाही. मग कानस कडेच्या कातडीत शिरते, ताणबिंदू घासला जातो आणि आठवड्याभरात ‘माझी नखंच नाजूक’ अशी तक्रार सुरू होते. नखं नाजूक नसतात, त्यांच्या भिंती पाडलेल्या असतात. लांबी कमी असेल तर अंडाकृतीवर थांबावं.

कॉफिन (शवपेटी हे नाव नको वाटत असेल तर बॅलेरिना म्हणा) म्हणजे निमुळत्या कडा आणि सपाट टोक, स्टिलेटो म्हणजे सुईसारखं टोक. हे दोन्ही एक्स्टेन्शनचे, म्हणजे वरून जोडलेल्या कृत्रिम नखांचे आकार. नैसर्गिक अर्ध्या मिलिमीटरवर ते टिकत नाहीत.

घासायची कानस निवडताना आकडा पाहा. आकडा जितका लहान तितकी धार खरखरीत. नैसर्गिक नखाला १८० किंवा २४० ची, १०० ची ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांसाठी. डब्यातल्या नेलकटरला जोडलेली धातूची पट्टी कचरा काढायलाही ठीक नाही. काचेची कानस थोडी महाग, पण धुता येते आणि वर्षानुवर्षं टिकते.

नख कोरडं असावं. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर निदान अर्धा तास थांबा. भिजलेलं नख मऊ होऊन फुगतं, कानशीने त्याचे थर विस्कटतात आणि वाळल्यावर टोकाला पापुद्रे सुटतात. पार्लरमध्ये हात कोमट पाण्यात बुडवून मग आकार देत असतील तर क्रम उलटा करायला सांगा. लांबी फार असेल तर आधी नेलकटरने कमी करा, पण मधोमध एकच मोठा चावा घेऊ नका, त्याने बाकदार नख सपाट दाबलं जाऊन मधे तडकतं. कडेपासून तीन-चार छोटे चावे घ्या आणि हव्या त्या लांबीपेक्षा १ मिलिमीटर जास्त ठेवा. मग कानस किंचित खालून तिरकी धरून, एका कोपऱ्यापासून मध्याकडे हलके फटके द्या, नंतर दुसऱ्या कोपऱ्यापासून मध्याकडे. करवतीसारखं मागे-पुढे घासलं की टोकाचे थर सुटतात. दर चार-पाच फटक्यांनी हात उलटा करून, तळहात स्वतःकडे ठेवून पाहा. समोरून सारखं दिसणारं नख तळहाताच्या बाजूने वाकडं दिसतं आणि खरं तेच असतं. शेवटी टोकाखाली राहिलेली भुकटीची कोर एक-दोन फटक्यांनी काढा आणि बुडाशी व टोकाला खोबरेल चोळा.

चकाकीसाठी बफर (नख घासून गुळगुळीत करणारा मऊ ठोकळा) महिन्यातून एकदाच, तोही हलका. बफरने गेलेला थर परत येत नाही. त्या जागी नवं नख पोचायला मुळापासून टोकापर्यंत सहा महिने लागतात.

बुडाशी नखावर चिकटलेली पातळ मेलेली पापुद्री आणि तिच्यामागची जिवंत कातडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापुद्री ओली करून, बोथट लाकडी काडीने अलगद मागे सारली तर चालते. जिवंत कातडी कापायची नाही. ती म्हणजे मुळाच्या तोंडावरचं बूच. ते निघालं की पाणी आत जातं, मागोमाग जंतू, आणि नखुरडं होतं. दिवाळे कोळीवाड्यात मासळी साफ करणारे हात, पोळीभाजी केंद्रात दिवसभर भांडी घासणारे हात, यांना तर हे बूच पाण्यानेच सुटतं. अशा हातांना सुती अस्तराचे रबरी हातमोजे कुठल्याही नेल-टॉनिकपेक्षा जास्त उपयोगी.

आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे ओलं-कोरडं. पावसाळ्यात ठाण्यातून भिजत निघायचं, ऐरोली-महापेच्या एसी ऑफिसात आठ तास सुकायचं, घरी आल्यावर पुन्हा भांडी. नख प्रत्येक वेळी फुगतं आणि आकसतं, थरांमधली पकड ढिली पडते. या दिवसांत लांबी एक-दोन मिलिमीटरने कमी ठेवलेली बरी.

आकार देण्याआधी नख वाचायचीही सवय लावावी. सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खळगी दिसली तर ती बहुधा मोठ्या तापाची खूण, १८४६ मध्ये वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ती ‘बो रेषा’ म्हणून ओळखली जाते. ताप आला तेव्हा मुळाचं काम मंदावलेलं असतं. ही खळगी टोकाशी पोचली की नख तिथेच तुटतं, तेव्हा ती कापून जाईपर्यंत आकार गोल आणि आखूडच ठेवा. चमच्यासारखं खोलगट नख दिसलं तर रक्तातलं लोह तपासून घ्या. एकाच नखावर नवी, रुंद होत जाणारी काळी उभी पट्टी दिसली तर नेलपेंटखाली न झाकता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स्टेन्शन उचललं जाऊन खाली हिरवट डाग आला, तर तिथे ओल साचून जिवाणू वाढलेत. वरून पुन्हा जेल भरायचं नाही, काढून टाकून नख कोरडं ठेवायचं.

इतकं करूनही ताणबिंदूवर चीर पडतेच कधीतरी. रक्त आलं नसेल, तर कोऱ्या टी-बॅगचा कागद चिरेपेक्षा २ मिलिमीटर मोठा कापा. कोरड्या, स्वच्छ नखावर नेल-ग्लूचा पातळ थर द्या, चिमट्याने कागद ठेवा, वर दुसरा थर द्या, वाळल्यावर २४० च्या कानशीने किनारी सपाट करा. कागदाऐवजी कापूस घेऊ नका, या ग्लूने कापूस चटका बसण्याइतका तापतो. ठिगळ आठवडाभर टिकतं, मग नवं लावायचं. चीर ३ मिलिमीटर पुढे सरकून कापण्याजोगी व्हायला महिना जाईल. तोवर त्या बोटाने डब्याचं झाकण उचकटू नका, चमचा वापरा.