जुन्या गेम कन्सोलच्या सर्किट बोर्डाची दुरुस्ती

साधारण १९८० ते २००५ या काळातील गेम कन्सोलच्या सर्किट बोर्डावरचे गंजलेले, तुटलेले किंवा उखडलेले तांब्याचे मार्ग (ट्रॅक) पुन्हा जोडून यंत्र चालू करण्याचे काम. या कन्सोलमधील खास चिप्सचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यामुळे मूळ बोर्ड वाचवणे हाच बहुधा एकमेव मार्ग उरतो.

बिघाडाचे मूळ अनेकदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या द्रवयुक्त भागात असते. १९९० च्या आसपास वापरात असलेल्या, बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या छोट्या कपॅसिटरांचे रबरी बूच कालांतराने निकामी होते आणि आतला द्रव झिरपून बोर्डावरच्या लेपाखाली शिरतो. सेगाच्या गेम गिअरमध्ये (१९९०) आवाज क्षीण होणे आणि पडदा फिका पडणे ही त्याची नेहमीची लक्षणे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये (२००१) घड्याळ चालू ठेवणारा १ फॅरडचा कपॅसिटर असाच गळतो, तोही यंत्र कपाटात पडून असताना. त्याने आसपासचे ट्रॅक खाल्ले की बटण न दाबता कन्सोल आपोआप सुरू होण्यासारखे प्रकार घडतात. आर्केड यंत्रांच्या काही बोर्डांवर निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिची गळती अल्कधर्मी असल्याने ती आधी पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करून मग धुतात. कपॅसिटरच्या द्रवाला मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश बहुतेक वेळा पुरतो.

सफाई नीट झाल्याशिवाय सोल्डरिंगला (वितळलेल्या धातूने जोड देण्याला) हात घालू नये. गंजलेल्या जागेवरचे सोल्डर काळवंडते आणि लवकर वितळत नाही. अशा वेळी उष्णता वाढवत नेली की पॅड (सुटा भाग जिथे जोडतात ती तांब्याची चकती) सुटून येतो. त्याऐवजी भरपूर फ्लक्स (जोड स्वच्छ करणारा पदार्थ) आणि थोडे ताजे शिसेयुक्त सोल्डर मिसळले की जुने सोल्डर सैल होते. युरोपीय संघाने शिशावरचे निर्बंध जुलै २००६ पासून लागू केले. त्याआधीच्या कन्सोलमध्ये बहुधा शिसेयुक्त सोल्डरच असते. कथिल ६३ आणि शिसे ३७ टक्के असलेले मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. अर्थ (ग्राउंड) जोडणीचे मोठे तांबे उष्णता ओढून घेते, म्हणून तिथे तेवढ्यापुरते जास्त तापमान लागते.

ट्रॅकची सामान्य जाडी अवघी ३५ मायक्रोमीटर असते, म्हणजे केसाहूनही कमी. मल्टीमीटरची (वीजजोडणी तपासणाऱ्या मीटरची) बीप ऐकून तो शाबूत आहे असे मानणे धोक्याचे. जेमतेम टिकून असलेल्या तांब्यातूनही मीटर वाजतो, पण प्रत्यक्ष भार आला की तोच ट्रॅक दगा देतो. भिंगाखाली हिरवट किंवा काळपट दिसणारा भाग चमकदार तांबे लागेपर्यंत हलक्या हाताने खरवडतात. खंड पडला असेल तर बारीक एनॅमल (विद्युतरोधक लेप असलेल्या) तारेचा जम्पर, म्हणजे जोडपूल, टाकतात. वीजपुरवठ्याच्या मार्गाला जाड तार लागते. बोर्डाच्या आतल्या थरातला ट्रॅक तुटला असेल तर तिथे पोचता येत नाही, म्हणून त्याची दोन्ही टोके वरून तारेने जोडतात. उघडे पडलेले तांबे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या लेपाने झाकतात.

सगळे कपॅसिटर सरसकट बदलावेत की नाही यावर दुरुस्ती करणाऱ्यांत एकमत नाही. गेम गिअरसारख्या यंत्रात वाट पाहण्यात अर्थ नाही. पण निन्टेंडोच्या फॅमिकॉमसारख्या (१९८३) यंत्रातले पाय आरपार गेलेले कपॅसिटर सहसा टिकाऊ असतात आणि ते उगाच उपटताना छिद्रांतले तांबे निघाले तर रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो. एक्सबॉक्सच्या १.० ते १.५ आवृत्त्यांतला घड्याळाचा कपॅसिटर काढून टाकला तरी चालते. वीज तोडल्यावर फक्त वेळ पुन्हा लावावी लागते. १.६ आवृत्तीत मात्र वेगळा, दर्जेदार कपॅसिटर आहे. त्याला हात लावायचे कारण नाही.