गॅस गीझर बदलताना: आधी खोली मोजा, मग पाना उचला

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गीझर पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवत असतो, तेव्हा पाण्यात साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता जात असते. काही उष्णता धुराबरोबर निघून जाते, म्हणून बर्नरला १२ किलोवॅटच्या आसपास जाळावं लागतं. एलपीजीच्या हिशेबात हे तासाला जवळजवळ १ किलो होतं. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे सुमारे १३ घनमीटर.

आता २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असं बंद न्हाणीघर घ्या. त्यात एकूण हवाच साडेसात घनमीटर. ती पुरी संपायला अर्धा तास लागेल, पण ज्योत तोवर नीट जळत नाही. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्वलन बिघडू लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. बाहेरची हवा अजिबात येत नसेल, तर त्याला जेमतेम ५ मिनिटं पुरतात. एवढ्या वेळात एक अंघोळही होत नाही.

म्हणूनच जुना गीझर काढून नवा लावताना नळाची तोंडं जुळली, एवढ्यावर काम संपत नाही. अर्धा गीझर भिंतीवर असतो आणि उरलेला अर्धा म्हणजे ती खोली. गीझर न्हाणीघराच्या आत असेल, तर बदलण्याचं निमित्त साधून तो बाहेर काढावा: मोकळ्या गॅलरीत किंवा वारा खेळता राहील अशा भिंतीवर. जुना तिथे दहा वर्षं चालला, हा पुरावा धरू नका. मधल्या काळात खिडक्या घट्ट बसणाऱ्या झाल्या असतील, एक्झॉस्ट फॅन बसला असेल, किंवा नवा गीझर जास्त लिटरचा असेल.

खरेदीआधी गीझरवरची पट्टी वाचा. एलपीजीची उपकरणं साधारण २८ ते ३७ मिलिबार दाबावर चालतात, तर पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूची २० मिलिबारच्या आसपास. नैसर्गिक वायूच्या जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं असतं, त्यातून एलपीजी सोडला तर ज्योत लांब आणि पिवळी होते, काजळी धरते. दाब रेग्युलेटर फिरवून हे जुळत नाही, जेटचा संच आणि व्हॉल्व्हची मांडणी त्या गॅसचीच हवी. गॅसची जोडणी नोंदणीकृत कारागिरानेच करावी, असा नियम अनेक ठिकाणी आहे. तो नियम तुमच्याकडे असेल, तर टांगणं आणि पाण्याची जोडणी स्वतः करा, गॅसची जोडणी त्या कारागिराला करू द्या.

उतरवताना क्रम महत्त्वाचा. गॅस सिलिंडरपाशी किंवा मुख्य कॉकपाशी बंद करा आणि नळ सोडून बर्नर आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे नळीत अडकलेला गॅस जळून जातो. मग पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून आतलं पाणी काढा, बॅटऱ्या काढा किंवा प्लग उपसा. गीझर निवल्यावर गॅसची नळी सोडवा. इथे दोन पाने लागतात: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने पाइप धरून ठेवायचा. एकाच पान्याने जोर लावला, तर भिंतीतला जोड पिळतो आणि गळती प्लास्टरच्या आत सुरू होते, जिथे ती दिसणारही नाही. उघड्या गॅस लाइनवर कॅप घट्ट बसवल्याशिवाय पुढचं काम करू नये. नुसता कॉक बंद आहे, यावर भिस्त ठेवू नका.

रबरी नळी जुनी पुन्हा वापरू नका, ती बाहेरून चांगली दिसली तरी. टोकाला ती कडक झालेली असते, आणि क्लिपखालची चीर वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. नवी नळी नोझलवर चढत नसेल म्हणून तिला आचेवर धरण्याची सवय फार वाईट आहे, तिथेच ती आधी तडकते. टोक कोमट पाण्यात बुडवा, पुसून चढवा, क्लिप आवळा. नळी भिंतीतून आरपार नेऊ नये, आणि गीझरच्या वर किंवा धुराच्या वाटेत येऊ देऊ नये.

टेफ्लॉन टेप कुठे लावायची, यातही गोंधळ होतो. आट्यांवरच सील होणाऱ्या जोडावर ती लागते, आणि गॅससाठी जाड, गॅसकरता बनवलेली टेप घ्यावी. आट्यांचं टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, पहिला आटा मोकळा सोडायचा, म्हणजे टेपचा तुकडा आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकत नाही. ज्या नटात सपाट वॉशर आहे, तिथे टेप नको. तिथे सील वॉशरच करतो, टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि गळती राहते.

पाण्याच्या बाजूला थंड आणि गरम उलट जोडलं तर गीझर पेटत नाही. वाहत्या पाण्यामुळे आतल्या पडद्याच्या दोन बाजूंना दाबाचा फरक पडतो आणि त्याने गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. प्रवाह उलटा झाला किंवा दाब अपुरा असला, तर हा फरक पडत नाही. टाकीपासून १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. गीझरला किमान किती बार हवा, ते पट्टीवर पाहून उंची मोजा. आत जाणाऱ्या जोडातली जाळी आधी काढून धुवा. नवी पाइपलाइन कापताना पडलेला चुरा नेमका तिथेच अडकतो. नळ सोडला की गॅस उशिरा ‘भप्प’ आवाज करत पेटत असेल, तर आधी बॅटऱ्या बदला. मंद ठिणगीमुळे पेट घेण्याआधी गॅस साचतो.

धुराच्या नळीकडे मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. व्यास गीझरच्या तोंडाएवढाच ठेवा, अडचण आली म्हणून कमी करू नका. धूर ढकलायला आत फॅन नसलेल्या गीझरची नळी आधी सरळ वर गेली पाहिजे, आणि पुढे आडवी झाली तरी बाहेरच्या दिशेने चढती हवी. कारण धूर वर ढकलणारी ताकद फक्त त्याच्या उष्णतेची असते. फॅनवाल्या गीझरची नळी बहुधा बाहेर किंचित उतरती ठेवायला सांगतात, त्याचं कारण वेगळं: १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी वाफ होऊन निघतं, आणि ते थंड नळीत पुन्हा पाणी होऊन परत आत आलं तर यंत्र गंजतं. स्वयंपाकघराच्या चिमणीची अॅल्युमिनियमची सुरकुत्यांची नळी इथे चालत नाही.

पहिली तपासणी साबणाच्या पाण्याची. गॅस उघडून प्रत्येक जोडावर ब्रशने लावा आणि किमान मिनिटभर बघत रहा, बारीक गळतीचा फुगा सावकाश वाढतो. नंतर स्वच्छ पाण्याने पुसा. अमोनियाचा क्लीनर वापरू नका, त्याने पितळ तडकू शकतं. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो आणि हवेत २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. सुरुवातीला मोजलेल्या न्हाणीघरात तो सारखा पसरला, तर त्यासाठी ३०० ग्रॅमच्या आसपास पुरेल. पण तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे तिथे धोका कितीतरी आधी येतो. वास आला तर दिव्याचं बटण लावूही नका, बंदही करू नका.

दुसरी तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. फॅन नसलेला, धुराच्या नळीचा गीझर दारं-खिडक्या बंद करून, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून काही मिनिटं चालवा. मग धूर निघणारी उदबत्ती त्याच्या वरच्या हुडाच्या, म्हणजे गीझरचा धूर नळीत शिरतो त्या झाकणाच्या, कडेला धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला, तर एक्झॉस्ट फॅन नळीतून धूर उलटा खेचतोय. गॅस बंद करा, खिडक्या उघडा, आणि बाहेरची हवा येण्याची कायमची जागा केल्याशिवाय गीझर वापरू नका. ज्योत निळी आहे, एवढ्याने निश्चिंत होऊ नका. पिवळा रंग तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो. काजळी नसतानाही मोनॉक्साइड तयार होऊ शकतो.

त्या वायूला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, मग पायातलं बळ जाणं, अशा क्रमाने तो माणसाला दाराच्या कडीपर्यंतही पोचू देत नाही. अशा माणसाला उघड्यावर आणा आणि लगेच रुग्णालयात न्या. बोटावरच्या ऑक्सिमीटरने ९८ दाखवलं तरी थांबू नका. साध्या ऑक्सिमीटरला मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. नुसत्या हवेवर रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला ४ ते ५ तास जातात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ लावा, एलपीजीचा मात्र जमिनीपासून वीतभर वर. आणि उदबत्तीची तपासणी नवा फॅन बसवला, खिडकी बदलली किंवा गॅलरीला काच लावली, की त्याच दिवशी पुन्हा करा.