कळलावीची कळ हृदयापर्यंत

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकताना झुडपांवर चढलेली कळलावी हमखास दिसते. पाकळ्या मागे वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. पानाचं टोक शेजारच्या फांदीला विळखा घालून बसलेलं. हिचा कंद जालीम विषारी, आणि त्या विषातला मुख्य घटक कोल्चिसीन. गाउट या सांधेदुखीवर ते जुनंच औषध आहे. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी हृदयविकारासाठीही मंजूर केली.

सांधेदुखीच्या औषधाचं हृदयाशी काय काम?

नळात गाळ साचावा तसं कोलेस्टेरॉल साचतं, असं आपण धरून चालतो. पण रक्तवाहिनी काही लोखंडी नळ नव्हे. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण तिच्या अस्तराखाली शिरून अडकतात. पांढऱ्या पेशी ते गिळायला धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथंच मरतात. मग त्यांचा राडा आवरायला आणखी पेशी येतात. ठेच लागलेल्या अंगठ्याची सूज चार दिवसांत उतरते. हा दाह, म्हणजे ही आतली सूज, मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षं धुमसतो. तंबाखू, पोटाची चरबी, सुजलेल्या हिरड्या त्याला फुंकर घालतात. शेवटी चरबीच्या गाठीवरचं पातळ झालेलं आवरण फाटतं आणि तिथं रक्ताची गुठळी धरते. म्हणूनच वाहिनी अर्धीही बंद नसताना झटका येऊ शकतो.

यात दाहाचा हात असल्याचा पुरावा 2017 मध्ये मिळाला. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शननं दाहाचा फक्त एक रासायनिक निरोप्या अडवला, कोलेस्टेरॉलला हातही लावला नाही. तरी झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटलं. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. निखारा विझवताना चूलही विझली, म्हणा ना.

कोल्चिसीनही दाह शमवतं, आणि त्या मानानं ते स्वस्त आणि सौम्य. 2020 च्या चाचणीत जुन्या हृदयरुग्णांमध्ये त्यानं धोका 31 टक्क्यांनी उतरवला. 2024 मध्ये मात्र झटक्यानंतर लगेच गोळी सुरू केलेल्या सात हजार रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. त्यामुळे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सोडून याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दाह मोजायला एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत बरं, 3 च्या वर धोका जास्त. फक्त सर्दी-तापात ती करू नका. आकडा उगाच चढलेला येतो आणि घरभर घबराट. आणि कळलावी लांबूनच पाहा. कंद खाण्यासारखा दिसला, तरी.