जुने ऑटो-एक्स्पोजर फिल्म कॅमेरे : आजचा वापर

ऑटो-एक्स्पोजर कॅमेरे म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा हे प्रकाशमापकाच्या आधारे स्वतः ठरवणारे कॅमेरे. काहींत छायाचित्रकार ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) निवडतो आणि शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येईल ते) कॅमेरा ठरवतो, काहींत याच्या उलट. ‘प्रोग्रॅम’ पद्धतीत दोन्ही कॅमेऱ्याकडेच असतात. १९६० ते १९८०च्या दशकांतले असे असंख्य कॅमेरे आजही चालू स्थितीत मिळतात. मात्र त्यांची यंत्रणा तेव्हाच्या सेलवर आणि नव्याकोऱ्या प्रकाशमापकावर जुळवलेली होती. त्यामुळे ‘ऑटो’वर कितपत विसंबायचे, हे मॉडेलच्या नावावरून कळत नाही, हातातला कॅमेरा तपासूनच ठरवावे लागते.

या प्रकारचा पहिला कॅमेरा म्हणजे कोडॅकचा सुपर सिक्स-२० (१९३८). तो महाग होता आणि थोडाच खपला. सामान्यांच्या हाती ही सोय आली ती आग्फा ऑप्टिमा (१९५९) आणि ऑलिंपस पेन ईई (१९६१) यांसारख्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत) कोनिका ऑटोरिफ्लेक्स (१९६५) हा महत्त्वाचा टप्पा, तर कॅनन एई-१ (१९७६) मध्ये मायक्रोप्रोसेसर आला.

जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत बरेचदा सेलेनियमचा प्रकाशमापक असतो. लेन्सभोवतीची खवल्याखवल्यांची काच ही त्याची खूण. सेलेनियम प्रकाशावर स्वतःच वीज तयार करते, म्हणून सेल लागत नाही. ऑलिंपस ट्रिप ३५ (१९६७–१९८४) हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यात शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद. बटण दाबताना प्रकाशमापकाची सुई यांत्रिक पट्टीखाली पकडली जाते आणि सुई जिथे अडकेल त्यावरून ॲपर्चर ठरते. प्रकाश अपुरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) लाल झेंडी वर येते आणि बटण दबतच नाही. विकत घेताना हीच झेंडी कामी येते : लेन्स झाकून बटण दाबले तर ती दिसली पाहिजे, उजेडात दिसता कामा नये. भर उन्हातही झेंडी दिसत असेल तर सेलेनियम मेलेले आहे. पण अर्धवट थकलेले सेलेनियम अधिक फसवे. त्याला उजेड आहे त्याहून कमी भासतो, कॅमेरा ॲपर्चर जास्त उघडतो, आणि निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश सहज पचवत असल्यामुळे हा दोष कित्येक रोल लक्षातच येत नाही.

सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची अडचण निराळी आहे. कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशमापक असलेली अनेक मॉडेले १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेली होती. हे सेल जवळजवळ संपेपर्यंत एकसारखा विजेचा दाब देत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते बाजारातून गेले. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने त्यांची विक्री बंद झाली. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण दाब जास्त असल्याने मापक बहुधा उजेड वाढवून सांगतो आणि चित्रे काळपट येतात. शिवाय अल्कलाइनचा दाब वापरागणिक उतरत जातो, म्हणजे चूकही स्थिर राहत नाही. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास दाब देतात; ते आकाराने लहान असल्याने बाजूने कडे घालून बसवतात. हवा लागल्यावर ते काही आठवड्यांतच संपतात, तरी पर्याय म्हणून तेच बरे.

सेल संपला तर काय, याचे उत्तर मॉडेलनुसार बदलते. कॅनन एई-१चे शटर सेलशिवाय हलतच नाही. निकॉन एफई (१९७८) मध्ये १/९० सेकंदाचा एक यांत्रिक वेग राखून ठेवलेला आहे. बाहेर पडताना खिशात जादा सेल ठेवणे यातच शहाणपण.

कॅमेरा ठीक असला तरी त्याचा निर्णय दर वेळी बरोबर असेल असे नाही. समोर काहीही असो, ते सरासरी मध्यम करडे आहे असे मानूनच प्रकाशमापक हिशेब करतो. बर्फ त्यामुळे मळकट येतो, काळा कोट राखाडी होतो आणि खिडकीपाशी उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो. यावर उपाय जुनाच आहे : एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची) तबकडी नसेल तर फिल्मच्या वेगाची (प्रकाशसंवेदनशीलतेची) तबकडी फिरवायची. ४०० वेगाची फिल्म असताना १०० लावले की दोन स्टॉप जादा प्रकाश मिळतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). फोटो झाल्यावर तबकडी मूळ जागी आणायचे तेवढे विसरू नये. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : मापक लेन्सच्या मागे असेल तर फिल्टरने अडवलेला प्रकाश हिशेबात धरला जातो, मापक कॅमेऱ्याच्या अंगावर असेल आणि फिल्टर त्याला झाकत नसेल, तर तो धरला जात नाही.

कॅमेरा नवा हाती आला की आधी फिल्म न भरलेल्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून शटर वेगवेगळ्या उजेडात चालवून पाहावे. अंधारात शटर जास्त वेळ उघडे राहते किंवा ॲपर्चर मोठे होते का, हे डोळ्यांना दिसते. मग त्याचे आकडे डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहावेत. एक रोल नोंदी ठेवून काढला की फरक किती आणि कोणत्या बाजूला, हे स्पष्ट होते. फरक दर वेळी सारखाच असेल तर दुरुस्तीची गरज नाही, फिल्मचा वेग तेवढा सरकवून लावला की झाले. नेमकी परीक्षा हवी असेल तर स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटे चित्र उमटते) वापरावी. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही.

दुरुस्तीत यांत्रिक मॉडेले सोपी जातात. मागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट होऊन प्रकाश आत झिरपतो, तो घरीही बदलता येतो. इलेक्ट्रॉनिक सर्किट जळाले तर मात्र नवे सुटे भाग मिळत नाहीत आणि दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून घ्यावे लागतात. या वर्गातले नवे कॅमेरे फारसे निघत नाहीत. २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ हा ठळक अपवाद; एका फ्रेमच्या जागेत दोन चित्रे घेणाऱ्या या ऑटो-एक्स्पोजर कॅमेऱ्यात फिल्मचा वेग हातानेच लावावा लागतो आणि कॉम्पेन्सेशनची तबकडी स्वतंत्र आहे.