सोंग घेऊन आत शिरणारी विषं

विष म्हटलं की जाळणारं, कुरतडणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तीव्र आम्लं किंवा कॉस्टिक सोडा खरोखर तसेच वागतात. समोर येईल ती पेशी भाजून काढायची, निवड नाही की युक्ती नाही. पण बहुतेक नामांकित विषं इतकी आडदांड नसतात. शरीराचा रोजचा कारभार कसा चालतो, त्यातल्या नेमक्या कुठल्या तरी एका जागी ती चपखल बसतात.

थॅलियमचंच बघा. या धातूचा आयन (विद्युतभार असलेला अणू) आकाराने आणि विद्युतभाराने पोटॅशियमच्या आयनाशी इतका मिळताजुळता आहे, की पेशी त्याला पोटॅशियम समजून आत ओढून घेतात. मग तळपायांची आग होऊ लागते आणि दोन-तीन आठवड्यांत केसांचे पुंजके गळतात. शिसं कॅल्शियमची जागा बळकावतं, हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूचं कायमचं नुकसान करतं. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ऑक्सिजनची खुर्चीच पटकावतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला काही संशयही येत नाही.

सायनाइडनेही पेशी गुदमरतात, पण वेगळ्या ठिकाणी. इथे रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. मात्र तो वापरून ऊर्जा तयार करणारं, मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं विकर (एन्झाइम) सायनाइड बंद पाडतं. पेशींनी ऑक्सिजन उचललाच नाही, म्हणून एरवी काळपट दिसणारं शिरांमधलं रक्तही लालभडक राहतं.

मला स्वतःला सगळ्यांत थक्क करते ती मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधली चिमुकली फट. मेंदूचा हुकूम इथे अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपाने पलीकडे जातो, स्नायूवरच्या ग्राहीला, म्हणजे तो निरोप झेलणाऱ्या रेणूला, चिकटतो, स्नायू आकसतो, आणि लगेच एक विकर त्या रसायनाचे तुकडे करून जागा मोकळी करतं. निसर्गाने आणि माणसाने मिळून या साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी तोडून पाहिली आहे. बोट्युलिनम हे जिवाणूचं विष अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडूच देत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांवरचं क्युरारे पलीकडच्या ग्राही अडवून बसतं. मण्यार आणि नाग यांच्या विषातले काही घटकही तेच करतात. तिन्हींचा शेवट एकच: स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटू लागतात आणि अखेर श्वास थांबतो. क्युरारेने शुद्ध जात नाही, हे त्यातलं सर्वांत भीषण. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मात्र साफसफाई करणारं विकरच निकामी करतात. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, फुप्फुसांत स्राव भरतो, स्नायू थरथरतात आणि शेवटी थकून गप्प होतात. हुकूम पोचला नाही काय आणि थांबलाच नाही काय, मृत्यू दोन्हींकडून श्वास बंद पडूनच येतो.

काही वेळा विष शरीरच बनवतं. मिथेनॉल पोटात जातं तेव्हा त्याने साध्या मद्यासारखी गुंगी येते. पण यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल करतं, आणि हे आम्ल दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, घाला घालतं. पॅरासिटामॉलचंही तसंच. ठरलेल्या मात्रेत निरुपद्रवी, अतिमात्रा झाली तर त्यातून यकृतातच एक घातक रसायन साचतं. पहिला दिवस बरा जातो आणि यकृत ढासळल्याचं कळेपर्यंत दोन-तीन दिवस उलटलेले असतात. ‘डेथ कॅप’ नावाची अळंबी याहून कपटी. उलट्या-जुलाब होऊन माणूस सावरल्यासारखा वाटतो, तोवर यकृताच्या पेशींचं प्रथिननिर्मितीचं काम थांबलेलं असतं. ‘आता बरं वाटतंय’ यावर विषबाधेत कधीच विसंबू नये.

मात्रेमुळेच पदार्थ विष ठरतो, हे पॅरासेल्सस या वैद्याने 16व्या शतकात लिहून ठेवलं. आज बोट्युलिनम अत्यल्प प्रमाणात तिरळेपणावर वापरतात आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर.

उतारेही बऱ्याचदा याच सोंगाढोंगाच्या खेळातले असतात. ऑरगॅनोफॉस्फेटच्या रुग्णाला बेलाडोनातून मिळणारं अ‍ॅट्रोपिन देतात, जे एरवी स्वतःच विष आहे. ते काही ग्राही झाकून ठेवतं. मिथेनॉलवर फोमेपिझोल हे औषध, आणि ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत चक्क इथेनॉल, म्हणजे साधं मद्यच, देतात. म्हणजे यकृतातलं विकर त्यात गुंतून पडतं आणि मिथेनॉल न बदलता शरीराबाहेर जातं. सायनाइडवरचं हायड्रॉक्सोकोबालामिन तर सायनाइडला पकडून त्याचं चक्क बी-12 जीवनसत्त्व करून टाकतं, आणि ते लघवीवाटे निघून जातं.